आजोबांचं सोल्डरिंग

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. सक्करदऱ्यातल्या एका घरात टेबलावर लाकडी पेटी आहे, तिच्यात काचेच्या तीन नळ्या. बटण दाबलं की नळ्या हळूहळू उजळतात आणि गिटारचा बारीकसा आवाजही मोठा होऊन गल्लीपर्यंत पोचतो. हा अ‍ॅम्प्लिफायर मिनलच्या आजोबांनी, चंपतरावांनी, हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर स्वतः बनवला. वितळलेल्या धातूने एकेक तार जोडायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, त्यांनी तेरा वर्षांच्या मिनललाही शिकवलं. तुम्ही तिच्या जागी आहात असं समजा.

रविवारी अश्विनकाकाने मित्रांसमोर गिटार छेडली आणि दोन मिनिटांत एक नळी लालबुंद होऊन विझली. आवाज वाढावा म्हणून मिनलने सकाळी गुपचूप एक रेझिस्टर, म्हणजे नळीतली वीज आवरणारा छोटा भाग, बदलला होता. ती सांगायला पुढे झाली, पण काका आधीच बोलला, “बाबा, काहून हात घालता यात? चष्मा लावूनही दिसत नाही तुमाले!” सगळे हसले. मिनलही हसली. चंपतरावांनी प्लग काढला, पेटी उलटवली, वाकून पाहिलं. “माह्यंच सोल्डरिंग कच्चं राहिलं असंन. डोये साथ देऊन नाही राहिले गा.” वायर गुंडाळून त्यांनी सोल्डरिंग आयर्न काकाच्या हाती दिलं. “भंगारवाल्याले देऊन टाक. आता माह्याकडून होत नाही.” काका निघाला तशी ती दारात आडवी उभी राहिली. “थांब काका. आजोबा, सकाळी रेझिस्टर मी बदलवला. आणि आत्ता मी हसलीसुद्धा.”