नागरिक क्रमांक अठरा

ओहायोतल्या आमच्या अग्निशमन केंद्राचे चीफ, बर्नेट, पन्नाशीत डॉक्टरेट करत होते. विषय होता, 'लोक धुराच्या अलार्मची बॅटरी का काढतात?' त्यांच्या शेजारच्या नोव्हाक आजीने ती रेडिओत घातली, तर चीफनी तिला तासभर झापलं आणि प्रबंधात लिहिलं, 'बेजबाबदार नागरिक, क्रमांक सतरा.'

काल घरून त्यांची ऑनलाइन तोंडी परीक्षा रंगात आली आणि इकडे शेगडीवरचे बीन्स पेटले. आजीनेच आम्हाला फोन केला. दार तोडून आम्ही आग विझवली.

"चीफ, अलार्म कसा वाजला नाही हो?" मी विचारलं.

चीफची नजर टेबलावरच्या वायरलेस माउसवर गेली.

 

आमच्या मागोमाग आत आलेल्या आजीने माउस उघडला, बॅटरी काढून पडद्यावरच्या परीक्षकांना दाखवली आणि म्हणाली, "लिहून घ्या, क्रमांक अठरा!"