चिमणीचा जलतरण तलाव

गाव महापालिकेत गेलं आणि तान्हूबाईच्या परसातला चिमणी म्हशीचा डुंबायचा खड्डा एका फटक्यात 'जलतरण तलाव' ठरला. नोटीस आली: कुंपणापासून दहा फूट सरकवा, नाहीतर बुजवा.

"खड्डा सरकतो व्हय, साहेब?" म्हातारीनं कचेरी गाठली. "पाण्याबिगर ह्या उन्हात मरंल चिमणी म्हस माझी."

"नियमातून सूट मिळते, आजी." साहेबांनी छापील फॉर्म ओढला. "पोहणारे किती?"

"एकटी चिमणी."

"जीवरक्षक?"

"मी बसते की काठावर."

"दूध किती देते?"

"सा वर्सं झाली आटून."

"मग पोसता कशाला?"

"मालक गेलं, तवापास्नं मी तरी कुणाच्या कामाची हाय? चिमणीनं इचारलं का कधी, म्हातारे, कशाला राहिलीस म्हनून?"

साहेबांनी मान खाली घालून सूट मंजूर केली. अटींमधली 'पोहण्याचा पोशाख सक्तीचा' ही ओळ स्वतःच्या हातानं खोडली.