बंद गाडीची बॅटरी

"कायम लावून ठेवला तर तापणार नाही ना?" मी चार्जर उलटसुलट करून पाहत विचारलं.

"नाही ताई. बॅटरी भरली की आपोआप थांबतो, उतरायला लागली की पुन्हा सुरू होतो. मोटरसायकल रोज चालवता का?"

"छे. मूल झाल्यापासून ह्यांना मी हातही लावू देत नाही. जिन्याखाली उभी असते."

"मग विकून मोकळ्या व्हा की."

"नको हो. काल बॅटरी बसली, तेव्हापासून घरात उपास चाललाय."

दुकानदार हसला. "साहेबांचा भलताच जीव दिसतोय गाडीवर."

"साहेब व्यवस्थित जेवतात. लेक जेवत नाही. त्याला सीटवर बसवून डावा इंडिकेटर लावला की घास, उजवा लावला की पाणी."