चुलीशेजारचं बाळ

उत्खननावर मजुरीला आलेल्या द्वारकाने ब्रशने माती झाडली, तशी तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी दिसली. आत तान्ह्या बाळाची हाडं होती.

“तीन हजार वर्षांपूर्वी इथं बाळ गेलं की घरातच पुरायचे, चुलीशेजारी,” मॅडम म्हणाल्या.

“भाग्याची हो ती आई!” त्या कोण कुठल्या बाईच्या हेव्यानं द्वारकाचा जीव जळला. बारा वर्षांपूर्वी तिचं चार दिवसांचं बाळ गेलं, तेव्हा सासऱ्यांनी ते फडक्यात गुंडाळून नेलं. नदीकाठी पुरलं, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ती त्यांच्यापुढं उभी राहिली. “मामंजी, आज जागा दाखवा.”

म्हातारा उठला. नदीकडे न जाता परसातल्या शेवग्याखाली थांबला.

“नदीपर्यंत पायच निघाला नाही, पोरी.”