ओटीतलं कापड

थोरल्या जाऊबाईंनी दुकानात साडी पारखावी तशी वैजूच्या जॅकेटची बाही दोन बोटांत धरून चोळली. "कुठल्या डिझायनरचं गं? चांगलं महागातलं दिसतंय." नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात मघापासून बायका त्या रंगीबेरंगी लांब जॅकेटकडे वळून वळून पाहत होत्या, आणि अंगभर दागिने घालून आलेल्या जाऊबाईंना ते सोसवत नव्हतं.

आहेरात आलेले नकोसे ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. दुसरीच्या ओटीत सरकवून मोकळं व्हायचं असतं. जाऊबाईही दर चैत्रात हळदीकुंकवाला तसलाच एखादा वैजूच्या ओटीत घालत आणि चारचौघींत म्हणत, "तुला चालेल हे." वैजू हसून घ्यायची. पण तिने तो पुढे कुणाच्याही ओटीत घातला नाही. सगळे ट्रंकेत साठले. यंदा तिने ते बाहेर काढले, तुकडे जोडले आणि वरून गोधडीसारखा बारीक धावदोरा घातला.

"डिझायनर मीच," वैजू म्हणाली. "कापड मात्र तुमचं, जाऊबाई. हा जांभळा गेल्या चैत्रातला."

जाऊबाईंची बोटं त्या जांभळ्या तुकड्यावरच थांबली. शेजारी उभ्या असलेल्या नवरदेवाच्या आईने सगळं ऐकलं होतं. "मला एक शिवून द्याल का हो?" तिने वैजूला विचारलं.

"आधी मला," जाऊबाई घाईने म्हणाल्या.

वैजूने बाही अलगद सोडवून घेतली. "शिवते की. पण आहेरातल्या कापडाचंच शिवीन. चालेल तुम्हाला?"