पंचविसाव्या शब्दानंतर

कानाच्या दवाखान्यात ठकूबाईंच्या कानामागच्या हाडावर दिगंबररावांनी तपासणीच्या यंत्राची छोटी कंप पावणारी डबी टेकवली आणि डोक्यावरून पट्टी बसवली. दोन्ही कानांचे पडदे गेलेले. हाडातून बोलणं कितपत पोचतं, ते बघायचं होतं. त्यांनी पाटीवर ठळक लिहिलं, 'जे ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणा.'

तपासणीचे शब्द नलूच्या आवाजात होते. चौदा वर्षांपूर्वी दिगंबररावांनीच बायकोला माइकसमोर बसवून पंचवीस शब्द रेकॉर्ड करून घेतले होते. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. रोज तिचा आवाज ते दुसऱ्यांच्या डोक्यात सोडत. स्वतः ऐकायचा मात्र धीर होत नसे.

"घर," ठकूबाई म्हणाल्या. "मीठ. अंगण." सात वर्षांनी शब्द इतके स्वच्छ येत होते की त्यांचे डोळे वाहायला लागले. पण एकही शब्द चुकला नाही. पंचविसावा झाला, तसे दिगंबरराव त्यांच्यासाठी पाणी आणायला वळले आणि यंत्र बंद करायचं राहून गेलं.

"अहो, झालं का?" मागून ठकूबाई म्हणाल्या. "चला ना आता. भूक लागलीय मला."

दिगंबरराव पाणी न घेताच मागे फिरले. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळे शब्द संपल्यावर नलू हेच म्हणाली होती; तेही शब्दांच्या मागे रेकॉर्ड होऊन राहिलं होतं.

त्यांचा चेहरा बघून ठकूबाई बावरल्या. "माजं चुकलं व्हय?"

दिगंबररावांनी बाहीनंच पाटी पुसली आणि लिहिलं, 'नाही. तेवढं शेवटचं परत म्हणा.'