शेवटची शिट्टी

मुलींनी बास्केटबॉलचा अंतिम सामना जिंकला. पण त्या जिंकल्याच नाहीत, असं पुढे सगळ्यांनी ठरवलं. कारण चषक घ्यायला निघालेल्या कर्णधाराला मधल्या रेषेपलीकडे आजी दिसली, जुन्या काळचा लांब स्कर्ट घालून, हात पसरून बचावाला उभी. स्टेडियम खचाखच भरलेलं, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू. किंचाळणं बरं दिसलं नसतं.

"आजी, तू मागच्या वर्षी गेलीस ना गं?" तिने हळूच विचारलं.

"जाते कुठली. आमच्या सामन्यात मध्येच दिवे घालवले. पुरुषांना सराव करायचा होता म्हणे. शेवटची शिट्टी झालीच नाही."

"मग इकडे तरी ये."

"आमच्या वेळी बायकांनी अर्ध्याच मैदानात खेळायचं, मधली रेष ओलांडली की फाऊल. पळून पळून बायकांना दम लागतो ना."

"बरं, मी चषक घेऊन येते."

"कसला चषक? तुम्ही आमचाच सामना पुढे खेळताय, बाळा. शिट्टीशिवाय बाहेर जायचं नसतं."

कर्णधाराने हसून बाजूच्या रेषेबाहेर पाय टाकला. पाय मैदानातच पडला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा मैदानातच. एव्हाना तिच्या मागे अख्खा संघ तसाच पाय टाकून बघत होता.

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला: "सदर जुन्या सामन्याच्या दिवंगत पंचांना विनंती करण्यात येते की, त्यांनी शिट्टीसह तातडीने मैदानावर उपस्थित राहावे."